भुजंग हटकराचा गेरू

"मेंढरू लोकरीवर घेऊ न्हाई, पाठीवर हात ठिवून घ्यावं."

भुजंग हटकराचं हे बोलणं ताडकळसच्या बाजारात पोराटोरांनाही पाठ होतं. लोकर दाट असली की मेंढरू डोळ्याला भरल्यासारखं दिसतं. पण लोकरीत बोटं घालून पाठीवर हात ठेवला की खरं काय ते कळतं. खाली मांस असेल तर तळव्याला ऊब लागते, नसेल तर नुसता कणा टोचतो. बापाकडून आलेली ही मेंढपाळाची अक्कल भुजंगानं जन्मभर मेंढरांनाच लावली असती, तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यानं ती पुस्तकांना लावली.

त्याची बायको कासाबाई. तिनं त्याला निरक्षर असताना पाहिलं होतं. निजामाच्या राज्यात त्या दोघांनी अक्षराचा कागद पाहिला तो फक्त जंगल-शिपायाच्या हातातला, तोही उर्दूत. शिपाई वाचून दाखवी तेच खरं. मग राज्य गेलं, आणि जकात घेणारी करोडगिरीची जुनी चौकी रिकामी पडली. दिनकरराव गुरुजींनी त्या चौकीत वाचनालय काढलं आणि संध्याकाळी थोरल्या माणसांचा वर्ग सुरू केला. भुजंग तेव्हा चाळिशीला आला होता. घोंगडीखाली पाटी लपवून तो वर्गाला जायचा आणि परत येताना वाटेतल्या दगडांना बाराखडी म्हणून दाखवायचा. कासाबाईला वाटायचं, ह्याला वारं लागलं.

तो वाचायला शिकला खरा, पण शेवटपर्यंत हळूच वाचायचा. ओळीवर बोट, ओठ हलते. मेंढरं एक झुडूप ओरबाडून पुढच्या झुडपाकडं जात, तेवढ्यात त्याचं एक पान व्हायचं. कुणी हसलं तर म्हणायचा, "गाडीत बसल्यावर गाव मागं गेलं, तर गाव बघितलं म्हणावं का?"

एकदा त्यानं वाचनालयाचं पुस्तक परत दिलं, तर त्याच्या पुठ्ठ्यावर गेरूचं बोट ओढलेलं. गुरुजी चिडले.

"भुजंगा, हे काय केलंस? नवं कोरं पुस्तक!"

"गुरुजी, चांगलं निघालं, मनून खूण केली," भुजंग म्हणाला. "खंडीभर मेंढरांतून राखायचं जनावर निवडलं की आमी पाठीवर गेरू वढतो. दुसऱ्या बारीला हुडकावं लागत न्हाई."

गुरुजींनी ते पुस्तक पुसून ठेवायचं ठरवलं होतं. पण त्याआधीच दोघांनी येऊन विचारलं, "ते गेरूचं पुस्तक कुटंय?" मग गुरुजी समजले. परभणीहून नव्या पुस्तकांचं गाठोडं आलं की ते आधी भुजंगाच्या खांद्यावरच्या झोळीत जाऊ लागलं. बाजाराच्या दिवशी तो लिंबाखाली घोंगडी अंथरून ती पुस्तकं मांडी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, कशात काय आहे. गेरू सगळ्या पुस्तकांना मिळत नसे. दहांत दोनांना मिळायचा. म्हणूनच त्याला किंमत होती.

पोलीस ॲक्शनला दहा वर्षं व्हायला आली होती. त्या साली होळी झाल्यावर भुजंगाचा कळप किशनरावांच्या मळ्यात बसला होता. रब्बीची ज्वारी निघाली की मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं, आणि हटकराला ज्वारी आणि पाणी मिळायचं, ही दोन घरांची जुनी रीत. किशनरावांची विहीर मोठी, दगडानं बांधलेली. चैत्रात भोवतालचे सगळे आड तळाला गेले, तरी तिच्यात आभाळ दिसत असे. मृगापर्यंत त्या पाण्यावर आपलं भागणार, या भरवशावर कासाबाईनं त्या साली चूल जरा पक्कीच घातली होती.

दुपारी बाभळीच्या विरळ सावलीत मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहात. ऊन असं पसरे की लांबचं शिवार पाण्यात ठेवल्यासारखं हलायचं. कासाबाई चातीवर लोकर कातायची आणि भुजंग वाचायचा. त्या गाठोड्यात एक पुस्तक होतं, 'उलट्या आभाळाचं गाव' म्हणून. काही माणसं पत्र्याच्या जहाजातून एका ताऱ्यावर जातात, तिथं सावलीच पडत नाही, आणि सावलीशिवाय माणसाला आपण आहोत की नाही हेच कळेनासं होतं, अशी त्याची गोष्ट. मागल्या दसऱ्याच्या सुमाराला माणसानं आभाळात तारा सोडला, असं गुरुजींनी पेपरातून वाचून दाखवलं होतं. त्यामुळं कासाबाईला ती गोष्ट अगदीच खोटी वाटत नव्हती. तिचा हात आपोआप थांबायचा.

"अवो, मंग मेंढरं कुटं बसत्यात तिथं दुपारी?"

"मेंढरं न्हाईत तिथं."

"मंग वास कशाचा येतो?"

भुजंगानं पुस्तकावरचं बोट तसंच ठेवून वर पाहिलं. "लिव्हणाऱ्याला हे सुचलंच न्हाई बग. तुज्याकडून इचारून घ्याय पायजे हुतं."

"थट्टा करायलाव माजी?"

"न्हाई गं. खरं मनायलोय. सगळं खोटं हाय, पर खोटं नीट राखलंय त्यानं. रानात सोडून दिलं न्हाई. खोट्याला बी रोज पाणी पाजावं लागतं." आणि त्यानं झोळीतून गेरूचा खडा काढून थुंकीनं ओला केला.

त्या दिवसापासून कासाबाई चालताना खाली पाहू लागली. सावली असली की तिला बरं वाटायचं.

दुसरं पुस्तक प्रेमाचं होतं, 'चंद्रकोरीची शपथ'. भुजंगानं ते चार दुपारी वाचलं आणि मिटलं.

"दोनशे पानं झाली. पोरगा रडायलाय, पोरगी रडायलीय, तळ्याकाठी चांदणं पडलंय. पर दोघांतलं एक बी भाकर खात न्हाई."

"पिरीत लागली की भूक मरती मनतात."

"तुजी मेली हुती का?"

"मी कवा केली पिरीत?" कासाबाई म्हणाली. "मला तर बानं मेंढरं मोजून दिली तुमच्या दावणीला."

"आन् पयल्या हिवाळ्यात ते घोंगडं कुणी इणलं? माज्या मापाचं, न मागता?"

कासाबाई चातीवरचा धागा तोडून उठली आणि उगीचच कोकरांकडं गेली. चंद्रकोरीला गेरू मिळाला नाही.

त्याच आठवड्यात संध्याकाळी किशनराव स्वतः बांधावर आले. पांढरं धोतर, हातात रेशमी रुमालात बांधलेलं काहीतरी. एरवी ते गड्याला पाठवत. कासाबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून उभी राहिली.

"भुजंगा, हे घे," रुमाल सोडत किशनराव म्हणाले. आत पातळसं पुस्तक होतं, निळ्या पुठ्ठ्याचं. वर मोठ्या अक्षरांत 'किशन-कुसुमांजली'. "परभणीत छापून घेतलं. चाळीस कविता हायेत."

"मालक, तुमी लिव्हलं?"

"वीस वर्षं लिव्हायलोय. कुणाला बोललो न्हाई." त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. मग तो पुन्हा मालकाचा झाला. "सोयऱ्यांना वाटून दिलं. सगळे वाहवा म्हणतात. माझी ज्वारी खाऊन वाहवाच म्हणतील. बाजाराच्या दिवशी तू लिंबाखाली बसशील तवा मी येतो. गेरू दिसला पायजे, काय?"

"वाचतो मालक."

"वाच. पर गेरू दिसला पायजे." जाता जाता त्यांनी विहिरीकडं पाहिलं. सहज पाहिलं असेल. कासाबाईला ते सहज वाटलं नाही.

मग आठ दिवस भुजंग त्या निळ्या पुस्तकातून वर आला नाही. सकाळी कळपामागं चालताना वाची, दुपारी बाभळीखाली वाची. कविता छोट्या, पण तो एकेकीवरून दोन-दोनदा जायचा. कासाबाई त्याच्या तोंडाकडं बघायची. पुस्तक चांगलं असलं की वाचताना त्याच्या भुवया मोकळ्या पडत, झोपलेल्या पोरासारखं तोंड व्हायचं. या आठ दिवसांत तसं झालं नाही. झालं ते एकदाच, अगदी शेवटच्या पानाला.

"कसं हाय?" तिनं सातव्या दिवशी विचारलं.

"कमळं हायेत. राजहंस हायेत. मोत्याचे झुले हायेत." भुजंग म्हणाला. "मालकाच्या सात पिढ्यांत कुणी राजहंस बघितला न्हाई, कासे. आपल्या शिवारात बगळा येतो. बगळ्याला काय धाड भरली?"

"मंग गेरू?"

त्यानं पुस्तक मिटून झोळीत ठेवलं.

"अवो, एक बोट वढायला काय जातं तुमचं? पुस्तकच हाय, जितं जनावर हाय का? आपली कोकरं अजून दुधावर हायेत. हितून उठलो तर गंगेपर्यंत पाणी न्हाई." गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. "दोन मजला, दोन दिसांची वाट हाय गंगा. ल्हान जीव वाटंतच बसतील."

"ठावं हाय मला."

"ठावं हाय तर वढा की!"

"हात धजत न्हाई गं," भुजंग म्हणाला. त्यात मिजास नव्हती. भाकरी उलटायला गेलं आणि तव्याचा चटका बसला, असं काहीतरी तो सांगत होता. "उद्या बगू."

बाजाराच्या दिवशी पहाटे भुजंग कळप सोडायला गेला, तेव्हा झोळी खोपटात खुंटीला होती. कासाबाईनं ती उतरवली. तिला अक्षर येत नव्हतं, पण निळा रंग येत होता. गेरू भिजवला, आणि निळ्या पुठ्ठ्यावर, मधोमध, एक बोट ओढलं. हटकराच्या पोरीला हे शिकवावं लागत नाही, की दुसऱ्याच्या कळपातल्या जनावरावर खूण ओढणं ही चोरी. चोरीपेक्षा वाईट. त्यापायी पंच बसतात, माणसं वाळीत पडतात. पण पुस्तक हे जनावर नव्हे, असं तिनं मनाला सांगितलं, आणि उरलेला गेरू चुलीच्या राखेत पुसला.

लिंबाखाली त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त माणसं होती; कासाबाईही मागं उभी होती. किशनराव येणार हे गावभर झालं होतं. दिनकरराव गुरुजी वही घेऊन बसले होते. भुजंग सांगे ते टिपून पुढं ते वाचनालयाच्या फळ्यावर लिहीत. भुजंगानं घोंगडीवर आधी 'उलट्या आभाळाचं गाव' मांडलं, त्याची चार वाक्यं झाली, ते न्यायला दोघांनी तिथंच नावं लावली. 'चंद्रकोरीची शपथ'बद्दल तो म्हणाला, "ज्यानला रडायचंय त्यानं न्यावं, भाकर बरोबर घ्यावी," आणि हशा झाला. मग त्यानं झोळीत हात घातला आणि निळं पुस्तक बाहेर काढलं.

लोकांनी आधी पाहिलं, त्यानं नंतर.

"आहा! गेरू हाय, गेरू हाय!" कुणीतरी ओरडलं. किशनरावांचं तोंड असं उजळलं की कासाबाईला वाटलं, झालं ते बरंच झालं. साठीचा माणूस, पण त्या क्षणी बक्षीस मिळालेलं पोर दिसत होता. गुरुजींनी टाक उचलला. "बोल भुजंगा."

भुजंग त्या खुणेकडं बघत होता. बाजारातला गलबला जरा लांब गेल्यासारखा झाला. त्यानं गप्प बसावं एवढंच पुरे होतं. एक शब्दही खोटा बोलायला नको होता.

"ही खूण माजी न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजे?" किशनराव पुढं झाले. "तुज्याच झोळीतून निघालं की!"

"माज्याच झोळीतून निघालं. पर खूण माजी न्हाई मालक. मी डावीकडून उजवीकडं वढतो. ही वरून खाली हाय." त्यानं मान वर केली नाही, कुणाकडं पाहिलंही नाही. पण घोंगडी विणताना बाया बोट वरून खाली ओढतात, हे तिथल्या प्रत्येक हटकराला ठाऊक होतं. तीन-चार डोकी कासाबाईकडं वळली.

कासाबाईनं खाली पाहिलं तर लिंबाच्या सावलीत तिची सावली कुठं ते कळेना. ती पुढं आली.

"म्या वढलं," ती म्हणाली. "ह्यांना ठावं नव्हतं. माजं बोट हाय."

खोटी खूण ज्यानं ओढली त्यानंच ती चार माणसांत आपल्या वस्त्रानं पुसायची, ही हटकरांची रीत. तिनं वाकून पुस्तक घेतलं आणि पदरानं पुसलं. गेरू निघाला, पण पुठ्ठ्याला चिकटलेला तांबूस डाग राहिलाच. पदरही डागाळला. पुस्तक परत घोंगडीवर ठेवताना तिनं ते झोपल्या लेकरासारखं ठेवलं.

किशनरावांनी पुस्तकाकडं बोट केलं. "मंग तुजी खूण कामून न्हाई, भुजंगा? सांग की आता. चार माणसांत सांग."

"मालक, घरी सांगतो."

"हितंच!"

भुजंगानं पुस्तकावर हात ठेवला. पंजा सगळा पसरून.

"एकुणचाळीस ठिकाणी हात ठिवला मालक. वर लोकर लय मऊ. खाली कणाच लागला. कमळं दुसऱ्याच्या तळ्यातली, हंस दुसऱ्याच्या आभाळातला. तुमचं त्यात काय बी न्हाई." त्यानं शेवटचं पान उघडलं. "पर शेवटची हाय ना, इहिरीवरची? मोटंच्या नाड्यानं दगडाला खाच पडली, दगड झिजला, पर शेवटी नाडाच तुटला, असं काय काय हाय. तिथं हाताला ऊब लागली. ती वाचून मी दोन दिस गप हुतो. ती एकटी आणली असती, तर मी दोन्ही अंगानं गेरू लावला असता."

"ती?" किशनराव म्हणाले. त्यांच्या तोंडावर रागापेक्षा काहीतरी वेगळं आलं होतं. "एक पान कोरं राहायलंय, काहीतरी द्या, असं छापखानेवाला म्हणाला. उभ्या उभ्या लिव्हली ती. लाज वाटत होती छापायला."

"लाज वाटली, मनूनच खरी आली आसंल."

बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. तिथंच सगळं बिघडलं. किशनरावांनी पुस्तक उचललं, काखेत मारलं. "उद्या सकाळी मळा मोकळा कर," ते म्हणाले आणि निघाले. गुरुजी "अहो किशनराव, ऐका तरी," म्हणत दहा पावलं मागं गेले आणि परत आले. त्यांच्या वहीतलं ते पान कोरंच राहिलं.

परतीच्या वाटेवर दोघं बोलली नाहीत. वाटेतली कापूस वेचलेली पळाटी वाळून खडखडत होती. खोपट दिसू लागलं तेव्हा कासाबाई म्हणाली, "मारा मला, पर बोला."

"कशापायी मारू?" भुजंग म्हणाला. "तू कोकरांसाठी केलंस. मी बी करायचं मनात आणलं हुतं. आठ दिस आणत हुतो. तुज्या बोटात बळ जास्ती निघालं, एवढंच."

आणि मग, जरा चालल्यावर, "पुसायला कशाला गेलीस? मी म्हणलो असतो, पोरानं कुणी केली चेष्टा."

"तुमी खरं बोलायलाव आन् मी खोटी उभी राहू का?" ती म्हणाली. "मला काय त्या ताऱ्यावर जायचंय?"

भुजंग हसला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलंच हसणं.

सकाळी दिवस वर यायच्या आत त्यांनी खोपट मोडलं. कासाबाई भांडी बांधत होती तोच विहिरीवर मोटेचं चाक करकरलं. तिला वाटलं गडी असेल. पाहिलं तर किशनराव. स्वतः बैल मागं-पुढं करत होते. धोतर वर खोचलेलं, डोक्याला काही नाही. मोट वर येऊन ओतली, पाणी थारोळ्यातून दगडी डोणीत धावत गेलं.

"पाजून न्या," ते म्हणाले. नजर बैलांच्या शेपटीकडं. "दोन मजला हाय गंगा."

"मालक..." भुजंगानं सुरुवात केली.

"पाजून न्या म्हणलं. मळा मोकळा करायला सांगितला, तो सांगितला."

मेंढरं डोणीला लागली. शंभर तोंडांनी पाणी पिण्याचा तो बारीक, ओला आवाज, वर कोवळं ऊन, आणि मोट पुन्हा पुन्हा भरून येतेय. कोकरांना कासाबाईनं ओंजळीनं पाजलं. शेवटचं तोंड डोणीतून वर आलं तेव्हा किशनरावांनी बैल सोडले.

भुजंगानं काठी उचलली, दोन दुबळी कोकरं घोंगडीच्या खोळीत घातली, वाचनालयाची पुस्तकं झोळीत चाचपून पाहिली. किशनरावांपुढं येऊन त्यानं हात जोडले. त्यांनीही जोडले, पण उशिरा, त्यानं पाठ फिरवल्यावर. मग त्यानं टाळूला जीभ लावून कळपाला ती लांब हाक घातली आणि दक्षिणेला, पळाटीच्या मधल्या वाटेनं चालू लागला. घाई नाही. वाचायचा तसाच, ओळीनं. मेंढरं त्याच्यामागं ओतल्यासारखी निघाली आणि थोड्याच वेळात धुळीत त्याचं पागोटं तेवढं दिसू लागलं.

कासाबाई सामानाच्या घोड्यावर शेवटचं गाठोडं आवळत होती. तिला त्याच्यामागं जायचंच होतं, पण ती जराशी थांबली. किशनराव विहिरीच्या कठड्याला हात टेकून उभे होते, ओला हात, आणि डोळे त्या धुळीवर. त्यांना ती तिथं आहे याचं भान नव्हतं. ती लगाम धरून चार पावलं गेली, मागं वळून पाहिलं. ते अजून बघतच होते.